किट घेणाऱ्यांचे फोटो छापणं बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचं जागतिक अन्न दिनाचं पान बघितलं आणि डोकंच फिरलं. लेख ठीक आहे, जगात २०२४ मध्ये ६७ कोटींवर माणसं उपाशी होती हा आकडाही बरोबर, पण मधोमध तो अर्ध्या पानाचा फोटो कशाला? बायका ओळीने उभ्या, हातात तांदूळ-तेलाची पिशवी, मागे बॅनर, सगळ्यांचे चेहरे अगदी स्पष्ट. देणाऱ्यांची नावं खाली छापलीत, घेणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का?

एवढी का चिडले ते सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या चाळीत एक मंडळ किट वाटायला आलं होतं. शेजारच्या काकू धुणीभांडी करायच्या, सगळी कामं एका झटक्यात बंद झालेली. रेशनकार्ड केशरी पण त्यावर धान्य नाही, कारण शहरात प्राधान्य कुटुंबात, म्हणजे स्वस्त धान्याच्या यादीत, बसायला वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही, आणि चार घरची कामं करणारी बाई तेवढे कमावतेच हो, त्यात घरभाडं जातं ते कोण बघतंय. केशरीवाल्यांना नंतर मे-जूनसाठी गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने द्यायचं सरकारने ठरवलं, पण एप्रिल कसा काढायचा? म्हणून त्या खाली उतरल्या. पोरांनी पिशवी हातात दिली पण सोडली नाही, फोटो होईपर्यंत दोन्हीकडून धरून ठेवायची, वर "काकू, मास्क जरा खाली घ्या". कोरोनात! संध्याकाळी फोटो सगळ्या ग्रुपवर, फिरत फिरत त्यांच्या लेकीच्या सासरीसुद्धा पोचला. पुढच्या वेळी किट आलं तेव्हा काकूंनी दारच उघडलं नाही. घरात मूठभर तांदूळ उरला होता आणि त्याची पेज करून दिवस ढकलत होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

देणगीदारांना हिशोब दाखवावा लागतो म्हणतात. मग बिलाचा फोटो काढा, पोत्यांचा काढा, टेम्पोचा काढा. सरकारच्या स्वस्त थाळीच्या शिवभोजन केंद्रावरही ॲपवर जेवणाऱ्याचा फोटो घेतात, पण तो नोंदीपुरता असतो, पेपरात येत नाही. नांदेडच्या गुरुद्वारात लंगर चालतो, तिथे कोण कुठला ते कुणी विचारत नाही, सगळे एकाच पंगतीत बसतात. मदत अशीही करता येते, आणि आपल्याच राज्यात होतेय.

तुमच्या लेखात "समाजाची दानत वाढायला हवी" असं म्हटलंय. वाढू दे की, माझी काही हरकत नाही. पण २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, माणशी महिन्याला ५ किलो धान्य, २०२३ पासून तर फुकट, आणि त्यावर पूर्ण पानात एक ओळ नाही? किती लोकांना द्यायचं ते अजून २०११ च्या जनगणनेवर ठरतं, मधे एवढी वर्षं गेली, शहरं केवढी वाढली, ज्यांचं नाव यादीत नाही ते मग अशा किटच्या रांगेत उभे राहतात.

आणि अजून एक. रेशन दुकानात म्हाताऱ्या माणसांचा अंगठा मशीनवर येत नाही. आयुष्यभर भांडी घासून, माती उपसून रेषा झिजलेल्या असतात, आणि "उद्या या, सर्व्हर डाऊन आहे" ऐकून ती माणसं रिकामी पिशवी घेऊन परत जातात. त्याची बातमी कधी पहिल्या पानावर येणार?

पुढच्या वेळी त्या अर्ध्या पानात कुठल्या कार्डावर किती धान्य मिळतं ते छापा, रेशनच्या तक्रारीचा १९६७ हा नंबर मोठ्या अक्षरात छापा. आणि कालच्या फोटोतले चेहरे निदान वेबसाइटवर तरी आजच्या आज झाका.

एक जुनी वाचक,
डोंबिवली