सूचना : शहाळं, लो सोडियम मीठ आणि सोड्याच्या गोळ्या

आपल्या किडनी रुग्ण गटाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

गेल्या सोमवारी डायलिसिसच्या आधी आपल्यातल्या एका काकांचं रक्तातलं पोटॅशियम 6.8 आलं. पाय जड पडलेत, एवढीच तक्रार होती. ईसीजी पाहिल्यावर मात्र धावपळ उडाली. चौकशी केली तर शनिवार-रविवार रोज एक शहाळं, ऊन फार म्हणून सुनेनं प्रेमानं आणलेलं! एका शहाळ्यात साधारण 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, आपली टाकत नाही. रक्तात ते 3.5 ते 5 हवं. सहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि पुष्कळदा आधी काहीच जाणवत नाही.

लो सोडियम मिठाच्या पाकिटामागे बारीक अक्षरं वाचा : पोटॅशियम क्लोराइड. बीपीसाठी चांगलं म्हणून शेजारीपाजारी सुचवतात, आपण घ्यायचं नाही. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या, आमटीत ओतू नका. (आमच्या घरी ही सवय सुटायला वर्ष गेलं.)

सोड्याच्या (सोडियम बायकार्बोनेटच्या) गोळ्या मनानेच बंद करू नका. त्या पित्तासाठी नसतात, रक्तातलं आम्ल वाढू नये म्हणून असतात. रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार) 22 च्या खाली गेलं की डॉक्टर बहुधा त्या देतात. त्याऐवजी घरातला खायचा सोडा चमच्याने घेणंही नको.

हातापायांतली ताकद गेली, छातीत धडधडलं, तर ग्रुपवर विचारत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा. रविवारच्या बैठकीला शेवटचे दोन रिपोर्ट आणा.