पॅनेलच्या दारामागचा तक्ता

आदरणीय मेस्त्री,
सविनय नमस्कार.

संगणकाच्या हुकमावर लाकूड कापणारं सीएनसी राउटर मशीन बसवून दिलं, ट्रायल जॉब निघाला, की बसवणाऱ्याचं काम संपतं. तुम्ही मात्र जाताना कंट्रोल पॅनेलच्या दाराला आतून मार्करने तक्ता लिहून ठेवलात: लाकूड, बिट (कापणारं फिरतं हत्यार), आरपीएम (बिटाचे मिनिटाला फेरे), फीड (बिट पुढे सरकायचा वेग), पासची (एका खेपेच्या कापाची) खोली. त्याचे आभार मानायला हे पत्र. चारचौघांत लिहितोय, कारण चार बाय आठ फुटांच्या राउटरवर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही नव्या पोराच्या तो कामी येईल.

तक्त्याच्या डोक्यावर तुम्ही लिहिलंय, 'आधी भुसा बघ'. जळका वास आला की नवशिक्याचा हात फीड कमी करायला जातो आणि लाकूड आणखी काळं पडतं. 6 मिमीचं दोन धारांचं बिट, 18,000 आरपीएम, फीड मिनिटाला 3,600 मिमी: इथे प्रत्येक धार 0.1 मिमी लाकूड उचलते. फीड 1,500 वर आणलं की तीच धार जेमतेम 0.04 मिमी घेते, म्हणजे कापायचं सोडून घासत बसते. कपचीबरोबर बाहेर जायची ती उष्णता बिटातच साठते आणि धार जाते. सागवानात सिलिका असते, तिथे तर आणखी लवकर. म्हणून सागवानाची कपची चिमटीत धरता आली पाहिजे. बोटांवर पीठ राहिलं तर फीड वाढवायचं. एमडीएफला (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डाला) हा नियम लागू नाही, त्याचं पीठच होतं. तिथे कापलेल्या कडेचा रंग बघायचा. फीड वाढवण्यासारखं नसेल तर आरपीएम उतरवायचा, पण 12,000 च्या खाली नाही. 24,000 ला 2.2 किलोवॅट देणारा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) तिथे निम्म्या ताकदीवर आलेला असतो.

दुसरी ओळ कॉलेटची, म्हणजे स्पिंडलमध्ये बिट आवळून धरणाऱ्या चिरा असलेल्या नळीची. जॉब सुरू होताना खोली बरोबर, आणि शेवटाकडे बिट खालच्या बेडमध्ये (मशीनच्या टेबलात) घुसलेलं. सगळे झेडच्या, म्हणजे बिट वर-खाली करणाऱ्या, मोटरला शिव्या घालतात. खरं तर अप-कट (कपची वर फेकणारं) बिट लाकडात स्वतःला खाली ओढत असतं आणि कॉलेटची पकड सुटलेली असते. ईआर-20 कॉलेटच्या चिरांमध्ये बारीक भुसा आणि सागवानाचं तेल मिळून तपकिरी खर बसते, बोटाला चिकट लागते. थिनर आणि पितळी ब्रश, दर बिट बदलताना. मग कॉलेट आधी नटमध्ये 'टक' आवाज येईपर्यंत बसवायचा, त्यात बिट घालायचं, आणि नट नंतरच स्पिंडलला लावायचा. सुटा कॉलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर बिट वाकडं फिरतं आणि कॉलेटही बाद होतो. बिटाचा दांडा कॉलेटच्या पूर्ण लांबीत हवा, पण धारेची खाच आत जाता कामा नये.

सनमायका लावलेल्या प्लायसाठी तुमचं कॉम्प्रेशन बिट (टोकाला कपची वर ओढणारं, त्यावर खाली दाबणारं) सगळ्यांना माहीत असतं. पहिला पास किती खोल, ते नसतं. बिटाच्या टोकाचा 5-6 मिमी भाग वर ओढणारा असतो. पहिला पास 3 मिमीचा दिला तर फक्त तोच भाग लागतो आणि वरच्या सनमायकाच्या कपच्या उडतात. पहिलाच पास 8-9 मिमी द्यायचा. आणि आरपार कापताना झेडचा झिरो (खोली मोजायची सुरुवात) शीटवरून नव्हे, बेडवरून घ्यायचा. 18 ची म्हणून आलेली शीट कुठे 17.3 भरते, कुठे 17.8. बेडवर अंथरलेल्या एमडीएफमध्ये 0.2 मिमी उतरलं की पुरे. अर्थात तो एमडीएफ आधी मशीनवरच रंधून सपाट केलेला हवा, नाहीतर हा हिशोब फुकट.

नक्षीकामाचा तुमचा हिशोब तर गिऱ्हाइकालाच दाखवावा असा आहे. 300 बाय 300 मिमीचं गणपतीचं पॅनेल, टेपर बॉलनोज (निमुळतं, गोल टोकाचं) बिट, टोकाची त्रिज्या 0.5 मिमी. स्टेपओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) 0.1 मिमी धरला तर 3,000 फेऱ्या, म्हणजे 900 मीटर चाल. मिनिटाला 3 मीटरने सलग पाच तास. चढउतारांवर मशीन मंदावतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. स्टेपओव्हर 0.2 केला तर वेळ निम्मा, आणि राहणाऱ्या रेघांची उंची 0.01 मिमी. पॉलिश पेपर ती सहज घेतो. त्याआधी 6 मिमी बिटाने रफिंग (ढोबळ कोरणी) करून 0.6 मिमी माल ठेवायचा आणि फिनिशिंग लाकडाच्या रेषेच्या दिशेने. पावसाळ्यात रफिंगनंतर पॅनेल रात्रभर मोकळं ठेवायचं. एका बाजूचा माल निघाला की लाकूड बाक काढतं, तो बाक फिनिशिंगच्या आधी आलेला बरा.

लाइट गेली तर? आल्यावर थेट 'रिझ्यूम' नाही. स्टेपर मोटर पुन्हा जागी होताना थोडी सरकू शकते, म्हणून आधी होम (मशीन मूळ शून्य जागी नेणं), मग थोडं मागून सुरुवात. डस्ट कलेक्टरच्या होजमधली तार अर्थला जोडलेली ठेवायची, नाहीतर भुशाच्या घर्षणाने साठलेली वीज कंट्रोलरला मध्येच अडकवते. आणि जळका वास आलेला जॉब संपल्यावर भुशाची पिशवी उघडून बघितल्याशिवाय शटर ओढायचं नाही, ठिणगी आत तासनतास धुमसत राहते. ही ओळ तुम्ही लाल मार्करने लिहिलीत, ते योग्यच.

एक अडचण मात्र आहे. पॅनेल उघडताना हात लागून लागून आंब्याच्या लाकडापुढचा फीडचा आकडा पुसट झालाय. 3,200 की 3,700, वाचता येत नाही. सध्या 3,200 वर चालवतोय, कपची बरी पडते. पुढच्या खेपेला आलात की तेवढा गिरवून द्या.

आपली,
वर्कशॉपमधली पोरं