गाव रिकामं असताना आहाराचं व्याख्यान

मा. संपादक,
स. न.

ऊसतोड कुटुंबांसाठी हृदयाला जपणाऱ्या आहाराचं व्याख्यान झालं, त्याची आपल्या परवाच्या पुरवणीतली बातमी आणि काय खावं हे सांगणारी शेजारची चौकट वाचली. फोटो छान आलाय. हा उपक्रम आमच्या वडवणी तालुक्यात ऐन जानेवारीत घेतला याचं कौतुक करावं तेवढं थोडं! जानेवारीत ही कुटुंबं कोल्हापूर-सांगलीच्या, नाहीतर बेळगावकडच्या उसाच्या फडात असतात. दसरा-दिवाळीला गेलेली टोळी पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचं गाळप संपल्याशिवाय, परतत नाही. मग फोटोतले श्रोते कोण, तर गावात राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

चौकटीत ऑलिव्ह तेल, ओट्स, अव्होकॅडो आणि सॅल्मन मासा. आमच्या आठवडी बाजारात सॅल्मन कुठं बसतो, तेही छापायला हवं होतं. ओट्स वाईट नाहीत, पण कोंड्यासकट दळलेल्या ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्याला ते सांगायची गरज काय? बिघाड भाकरीत नाही, तिच्यासोबतच्या तेला-मिठात आहे.

खोपीवरचा, म्हणजे फडाकडच्या झोपडीतला, किराणा उधारीवर येतो आणि त्यात सगळ्यात स्वस्त तेल, म्हणजे बहुतेक पामतेल. त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, तर करडईत ती दहाव्या हिश्श्याच्या आसपास. करडई आपल्याच मातीतली. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) हातात आल्यावर ज्वारीचं पोतं गाडीत पडतं, तेव्हाच करडई तेलाचे 5 लिटरचे 3 कॅन पडले पाहिजेत. हिशेब असा: माणशी रोज 25 ग्रॅम, चौघांचे 100. एका लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल, म्हणजे ती 9 दिवस पुरावी. 6 दिवसांत संपली तर हात सैल आहे. 15 लिटर साडेचार महिने जातं, हंगाम जवळजवळ निघतो. मात्र एका वेळी एकच कॅन फोडावा आणि तो चुलीपासून लांब, सावलीत ठेवावा, कारण करडईचं तेल लवकर खवट होतं. भज्यांचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, करडईचं तर अजिबात नको.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. चार मोठ्यांना 1 किलोचा पुडा 50 दिवस जायला हवा, आणि त्यात लोणचं-पापडाचं मीठ धरलेलंच नाही. ठेच्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळावं, शेंगदाणे वाढवावेत. चौकटीत सैंधव सुचवलंय. त्यातही सोडियम जवळपास तेवढंच आणि आयोडीन बहुधा नसतं. ‘कमी सोडियमचं मीठ’ तर सरसकट सुचवूच नये. त्यात पोटॅशियम असतं; मूत्रपिंड अधू असलेल्याला आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्याला ते धोक्याचं. हे एक वाक्य छापायला जागा नव्हती?

पहाटे तीनला चूल पेटवणाऱ्या बाईला तूरडाळ शिजवत बसायला वेळ नसतो. मूगडाळ किंवा मसूर लवकर शिजते, पिठलं दहा मिनिटांत होतं. मटकी-हुलगे रात्री भिजवून फडक्यात बांधले की एक-दोन दिवसांत मोड. चटणीसाठी जवस गावाकडूनच न्यावं, पण कुटून नव्हे. कुटलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आख्खं न्यावं आणि आठवड्यापुरतंच तडतडेपर्यंत मंद भाजून लसूण-मिरचीसोबत कुटावं. जास्त भाजलं की कडू. बांधावरची घोळ, तांदुळजा अशी रानभाजी जरूर खावी, पण तणनाशक मारलेल्या फडातली नको. कुठं फवारलंय ते आधी शेतमालकाला विचारून घ्यावं.

हे सांगायची जागा दोन: दसऱ्याआधी गावात, आणि नंतर कारखान्याजवळच्या खोप्यांवर आणि किराणा दुकानात. पुढची पुरवणी सप्टेंबरात काढता आली तर बघा.

आणि हो, आपला अंक आमच्याकडे दुपारी बाराच्या गाडीनं येतो. ‘आज सकाळी मोफत तपासणी’ ही बातमी त्याच दिवशीच्या अंकात छापून आमचा काय उपयोग?

— एक वाचक, वडवणी (जि. बीड)