अण्णांच्या भुवईवरचा व्रण

प्रिय मध्या,

तीन महिने फोन नाही, पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा तसाच, शुगर बरी.

अण्णांचं वर्षश्राद्ध आलं. ओट्यावरचा तो फोटो बारा बाय अठराचा करून लावावा म्हटलं. चारूने चार बाय सहाची प्रिंट ऑफिसात ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन केली होती. लांबी ३६०० पिक्सेल, म्हणजे चांगला भरघोस. मग चॅटवरून मला पाठवला आणि "बाबांच्या मोबाइलमध्ये आहे की" म्हणून मूळ फाइल पुसली. प्रिंट रंगकामात गेली, कोणी टाकली ते विचारू नकोस.

फोटोवाल्यापुढे ऐटीत मोबाइल धरला. तो म्हणे, "काका, ३६०० कुठले, १६०० आलेत. अठरा इंचात इंचाला नव्वदही पडत नाहीत, मला तीनशे लागतात." आकार गेला तो गेलाच. शिवाय पाठवताना फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि डोळ्याला कळणार नाही असं बारीकसारीक त्यातून गाळतात म्हणे.

काय गाळलं सांगू? अण्णांच्या भुवईवरचा व्रण! कपाळ इस्त्री केल्यासारखं. ही म्हणते, "किती तरुण दिसतात!" हिला काय सांगणार? अण्णा जन्मभर 'कपाटाचं दार लागलं'वर ठाम राहिले. बॅट माझ्या हातात होती, कबूल. पण फुलटॉस कोणी टाकला रे?

निगेटिव्ह तुझ्या ट्रंकेत आहेत. छत्तीसच्या रोलमधले अकरा फोटो तू एसटी स्टँडवरच्या कुत्र्यावर उडवलेस, म्हणून मी वर्षभर बोललो नव्हतो. ते सगळं मागे घेतो, निदान निगेटिव्ह मिळेपर्यंत. मोबाइलने त्यांचा फोटो काढून पाठवशील तर याद राख. लॅबमध्ये स्कॅन कर आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून जोड, फोटो म्हणून नाही. एचडीसुद्धा नको, तेही दाबतंच. त्यापेक्षा पेनड्राइव्हच कुरियर कर. पट्टी कडेने धर, तंबाखूचे हात धुऊन.

वहिनींचं प्लॅस्टर निघालं का? धाकट्याच्या बदलीचं काय झालं? कळव.

तुझा,
बाळ्या

ता. क. कुत्र्याची पट्टीही स्कॅन कर. अण्णा आपल्याला सोडायला स्टँडवर आले होते. मागे कुठे दिसतात का बघतो.