आधार निधीसाठी पाडव्यापूर्वीचे आवाहन

स. न. वि. वि.

एकट्या पडलेल्या बायांसाठी आपल्या महिला मंडळाने चालवलेला आधार निधी यंदा संक्रांतीलाच संपत आला. अर्ज मात्र येतच आहेत, म्हणून हे पत्र घाईने आपल्या हाती देत आहोत.

हा निधी उभा राहिला तो आपल्याच माणसांनी उभा केला म्हणून. आपल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी पेन्शनच्या फरकाची रक्कम आणून दिली, तीही नाव छापायचे नाही या अटीवर. जत्रेच्या नाटकवाल्यांनी पडद्यासाठी जमलेल्या वर्गणीतून उरलेले पैसे दिले. आखातात आणि बोटीवर असलेली वाड्यावरची मुले सुट्टीवर आली की आठवणीने मंडळाच्या खोलीवर येतात. म्हापशाच्या बाजारातले एक कापडवाले अस्तराचे तागे निम्म्या दराने देत आले आहेत, आजही देतात. या सर्वांचे ऋण मोठे आहे.

नवरा वारल्यावर, किंवा मारहाण असह्य होऊन, मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत आलेल्या बाईला हा निधी जातो. "गोव्यात बायकोचा अर्धा वाटा असतोच की," असे आम्हाला ऐकवले जाते. कायद्याने असतो. पण तो हातात यायला इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची कोर्टातली कारवाई, करावी लागते, ती वर्षानुवर्षे चालते. गोव्यात लग्ननोंदणी दोन सह्यांनी पुरी होते; कित्येकींची सब-रजिस्ट्रारकडची दुसरी सहीच राहून गेलेली असते, मग कोणता कागद पुढे करायचा? दरमहा मदत देणाऱ्या सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला गोव्यातल्या 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. सावंतवाडी-खानापूरकडून लग्न होऊन आलेल्या मुलीकडे तो नसतो. त्यातच आधार कार्ड जुन्या खात्याला जोडलेले राहिले, तर मंजूर झालेले पैसे तिथेच जमा होतात आणि पासबुक असते सासरी. म्हणून आम्ही आधी तिच्या एकटीच्या नावे जनधन खाते उघडतो, आधार कार्ड त्याला जोडून घेतो, मगच मदत देतो.

मदत 15,000 रुपयांपर्यंत, तीही हप्त्यांनी. खोलीची अनामत थेट घरमालकाला, पुढचे पैसे साहित्याला, शेवटचे कच्च्या मालाला. एकरकमी दिले की जुन्या कर्जाचा वसुलीवाला आधी दारात उभा राहतो. शिलाई मशीनचे बिल तिच्याच नावाने करतो, कारण बिलाशिवायचे मशीन सासरचे लोक आपले म्हणून उचलून नेतात आणि तिच्याकडे दाखवायला काही नसते. नवशिकीला पहिल्याच महिन्यात ब्लाउज शिवायला घेऊ देत नाही. एक ब्लाउज बिघडला की वाड्यावरचे गिऱ्हाईक तुटते. साडीला फॉल, परकर, उशीचे अभ्रे यांवर हात बसू दे, चतुर्थीच्या आधी ब्लाउजची गर्दी येतेच. जत्रेत विकायच्या खाज्यांसाठीचे भांडवल दिवाळीनंतर, जत्रा सुरू होताना देतो; पावसाळ्यात गुळाचा पाक ओल धरतो, खाजी चिकटतात आणि बेसन-गूळ-आल्याचे पैसे वाया जातात.

आता तातडीचे. 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात. पूर्वी जूनपर्यंत सवड मिळायची, आता वह्या-गणवेशाचा खर्च आणि खोलीचे भाडे एकाच वेळी अंगावर येते.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे, ती लिहितोच. दिवाळीला घरोघर पत्रे दिली होती, उत्तरे मोजकीच आली. मंडपासाठी एका संध्याकाळी वर्गणी जमते, ती जमावीच; पण या बायाही याच गावच्या आहेत. काहींनी मदत देऊ केली, पण हळदीकुंकवाला मशीन देतानाचा फोटो मागितला. तो मिळणार नाही. कोणाला मदत गेली हे समिती कोणालाही सांगत नाही, देणगीदारांनाही नाही.

देणगी गुढीपाडव्यापर्यंत: मंडळाच्या नावे धनादेश, किंवा रोख 2,000 रुपयांपर्यंत. सातेरी मंदिरासमोरची खोली, मंगळवार व शनिवार, दु. 4 ते 6. पावती लगेच. जुने पायमशीन चालेल, पण स्टँड, पट्टा आणि बॉबिन केससह; सर्व्हिसिंग आम्ही करून घेऊ. मशीनचे नुसते डोके आणू नये. वापरलेले कपडे सध्या नकोत, ठेवायला जागा नाही. रिकामी खोली माफक भाड्याने देऊ शकणाऱ्यांनी चिटणीसांना भेटावे. भाडेकरूच्या पोलीस पडताळणीचा अर्ज मंडळ भरून देईल.

आपली,
चिटणीस, महिला मंडळ