मोहाखालची रोपं मोजायची कुणी?

प्रति,
मा. आदिवासी विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
विधानभवन, नागपूर

महोदय, स.न.वि.वि.

अधिवेशनासाठी आपण नागपुरात आहात, म्हणून एकच मागणी. रानातल्या अन्नाची मोजदाद आणि तिचा निधी थेट ग्रामसभेकडे द्या, सल्लागाराकडे नको.

वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क आहे. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागत नाही. रामटेक, पारशिवनीकडच्या गावांची सगळी भिस्त वनहक्क कायद्यावरच.

लोक जैवविविधता नोंदवह्यांना, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, जीवांची नोंद ठेवणाऱ्या वह्यांना, ३१ जानेवारी २०२० ची मुदत होती. हिवाळ्यात घाईने भरलेल्या वहीत सात्या (रानातली अळंबी), वास्ते (बांबूचे कोंब), काटवल (करटोली) कुठून येणार? ते पावसाळ्यातलं खाणं. शिवाय वेचतात बाया आणि माहिती विचारली जाते पंचायतीत बसलेल्या पुरुषांना. मग वहीत नुसतं ‘उपलब्ध’ एवढंच उरतं.

मोहाचंच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात. वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाचोळा पेटवतात आणि टोरीतून (मोहाच्या बीतून) उगवलेलं वीतभर रोप त्यात जळून जातं. झाडाखाली जाळी बांधली की पेटवायची गरज राहत नाही, फुलांना मातीही लागत नाही. पण याने रोपं खरंच वाचतात का, हे मोजल्याशिवाय कळायचं नाही. वीस झाडांना रंगाने नंबर टाका, दहांखाली जाळी, दहांखाली नेहमीची रीत. खोडापासून दहा मीटरची दोरी फिरवून त्या वर्तुळातली रोपं मोजा: गुडघ्याखालची, छातीपर्यंतची, त्यावरची. ऑक्टोबरमध्ये नवी उगवण दिसते आणि जूनमध्ये आगीतून काय वाचलं ते. फुलांचं वजन लिहिताना ओली की वाळलेली हे लिहायलाच हवं. पाचेक किलो ओल्या फुलांची वाळून किलोभर होतात. इथे चूक झाली तर सगळी आकडेमोड वाया.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं थांबवलं, कारण त्यापायी फांद्या छाटल्या जात आणि जंगलाला आग लागे. आता टेंभरं (तेंदूची फळं) खायला राहतात. (या निर्णयासाठी कुठल्या विद्यापीठाची परवानगी लागली नव्हती.)

खर्च म्हणाल तर दोरी, रंग, काटा, वही, जाळ्या आणि मोजणाऱ्या बायांची रोजी. रोजी विसरू नका. फुकटात मोजणी पहिल्या वर्षी होते, दुसऱ्या वर्षी होत नाही.

वही गावातच राहावी. बाहेरच्या अभ्यासकाला प्रत हवी असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्यावा: निम्मे सभासद हजर आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. औषधी वनस्पतींची वही वेगळी ठेवावी, तिची प्रत कुणालाच नाही. वनविभागाच्या कार्य आयोजनेत (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यात) रोपांचे, फुलांचे हे आकडे घेणं बंधनकारक करा.

शासन निर्णय फेब्रुवारीपर्यंत निघायला हवा. फुलं पडायला लागली की जाळ्या बांधायला गावात कुणाचे हात मोकळे नसतात.

आपले,
वनहक्काच्या कामातले कार्यकर्ते, नागपूर