पदवीला कोण विचारतं, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "पदवीला आता कोण विचारतं?" दादाचा पोरगा शेवटचं वर्ष सोडतोय, त्या रागात म्हणालात. पण ते माझ्या डोक्यातून जाईना.

इथेही हेच ऐकू येतं. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठाची, सनीची, ६४ कॉलेजं. मी त्यातल्याच एकात काम करते. कित्येक वर्षं पटसंख्या घसरत होती. जानेवारी २०२३ मध्ये जॉन किंग सनीचे चॅन्सेलर, म्हणजे प्रमुख झाले, आणि अशा काळातही ते पदवीच्या शिक्षणाबद्दल उमेदीने बोलत राहिले. ओबामांच्या काळात ते शिक्षणमंत्री होते. त्यांच्या आठव्या वर्षी आई गेली, बाराव्या वर्षी वडील. आपल्याला शाळेतल्या शिक्षकांनी तारलं, असं ते नेहमी सांगतात. म्हणून त्यांचं बोलणं मला पोकळ वाटत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या कॉलेजांत २००७ पासून एक योजना आहे. फीची उरलेली तूट भरायची, पुस्तकांना आणि प्रवासाच्या पासाला मदत करायची, आणि एका सल्लागाराने त्या मुलाच्या मागे लागायचं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तपासलं, तर तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेबाहेर २२ टक्के, योजनेत ४०! किंग यांनी हीच पद्धत आमच्याकडे आणली. शिवाय २०२५ पासून राज्याने पंचविशी ते पंचावन्नच्या, पदवी नसलेल्या लोकांना नर्सिंगसारखे काही अभ्यासक्रम मोफत केलेत.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या. रात्रपाळी संपवून थेट, अंगावर युनिफॉर्म तसाच. पुस्तकांच्या यादीवर एकेक ओळ बोट ठेवून वाचली. किमतीपाशी बोट थांबलं. "हे खरंच मला भरायचं नाही?" पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

सगळं सुरळीत आहे असं नाही. पॉट्सडॅमच्या कॉलेजात पैशाअभावी काही विषय बंद करायची वेळ आली. तरी मला किंग यांचं पटतं, कारण बाबा, तुम्हीच साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'त बागेला पाणी घालून बी.एस्सी. झालात. रात्री सर खोलीत डोकावून कोण अभ्यासाला बसलंय ते बघायचे, हे तुम्हीच सांगता ना?

म्हणून दादाच्या पोराला बोलू नका. किती विषय राहिलेत, फी किती थकलीय, एसटीचा पास आहे का, कोणत्या सरांशी तो मोकळेपणाने बोलतो, एवढं विचारून कळवा. फीचं मी बघते. रविवारी त्याला घरी थांबायला सांगा, मी फोन करेन.

तुमची,
ताई